कोटेड कॅल्शियमचा लॉट बदलला की पीपीचे पार्ट तुटतात: कारण कुठे शोधायचं

तक्रार साधारण अशी येते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये (पीपी) भरणा, म्हणजे फिलर, म्हणून स्टिअरिक आम्लाचा थर दिलेलं (कोटेड) कॅल्शियम कार्बोनेट ३० टक्के आहे. रेसिपी तीच, मशीन तेच, तापमानंही तीच. नव्या लॉटच्या गोण्या लागल्या आणि मोल्डरकडून निरोप आला की पार्ट पाडून बघितला तर गेटजवळ (माल साच्यात शिरतो तिथे) तडकतो आणि पातळ भिंतीत पांढरे ठिपके दिसतात. कधी याच्या उलट होतं. ठिपके नसतात, पण मोल्डवर चिकट पांढरट थर साचतो आणि पार्ट वेल्ड लाइनवर (साच्यात मालाचे दोन प्रवाह जुळतात त्या रेघेवर) उघडतो. दोन्ही वेळा फिलरचं प्रमाण सांगणारी राखेची चाचणी बरोबर निघते. मग पुरवठादाराला सांगितलं जातं, 'कोटिंग वाढवा'. तो वाढवतो, आणि पहिल्या तक्रारीच्या जागी दुसरी येते.

यातला मुख्य घोळ '१ टक्का कोटिंग' या आकड्यात आहे. कोटिंग लागतं ते पावडरच्या पृष्ठभागाला, वजनाला नाही. स्टिअरिक आम्लाचा एक रेणू उभा राहिला की सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. रेणुभार २८४.५ धरून हिशेब केला तर एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक थर बसायला सुमारे २.४ मिलिग्रॅम स्टिअरिक लागतं. म्हणजे बीईटी पद्धतीने (कणांवर वायूचा थर बसवून) मोजलेलं पृष्ठफळ ३ चौरस मीटर प्रति ग्रॅम असेल तर ०.७२ टक्के, ५ असेल तर १.२ टक्के. नॅनो दर्जाच्या प्रेसिपिटेटेड कॅल्शियमचं पृष्ठफळ २० असतं तिथे ४.८ टक्के. गिरणीचा क्लासिफायर (जाड-बारीक कण वेगळे करणारं यंत्र) जरा सरकला, पावडर थोडी बारीक झाली, की तोच १ टक्का कमी पडतो. जाडसर झाली तर तोच १ टक्का जास्त होतो. गोणीवरचं लेबल दोन्ही वेळा खरंच बोलत असतं.

कोटिंग आतल्या रचनेत काय बदलतं

उघड्या कॅल्साइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिक रूपाची) पृष्ठभाग ऊर्जा २०० मिलिज्यूल प्रति चौरस मीटरच्या आसपास असते. स्टिअरेटचा एक पूर्ण थर बसला की ती ४० च्या आसपास येते. पीपीची ३० च्या जवळ आहे. या एका बदलातून दोन परिणाम होतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात.

पहिला परिणाम असा की कण एकमेकांना कमी चिकटतात. दोन कणांना धरून ठेवणारं बल त्यांच्या व्यासाच्या प्रमाणात असतं, पण वितळलेलं प्लास्टिक त्यांना ओढून वेगळं करतं ते बल व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. कण निम्मा केला तर चिकटणं निम्मं होतं, सोडवणारं बल मात्र चौथाईवर येतं. म्हणूनच १० मायक्रॉनची पावडर कोटिंगशिवायही बऱ्यापैकी पसरते, आणि १ मायक्रॉनची कोटिंगशिवाय गाठी धरते, मग स्क्रू कितीही फिरवा.

दुसरा परिणाम म्हणजे कण आणि पीपी यांची पकडही सैल होते. स्टिअरेट हा गोंद नाही, हे लक्षात न घेतल्याने बरीच चुकीची खरेदी होते. पार्टवर ताण आला की कोटेड कण पीपीपासून लवकर सुटतो, त्याच्याभोवती सूक्ष्म पोकळी तयार होते आणि दोन पोकळ्यांमधलं पीपी ताणलं जाऊन ऊर्जा शोषून घेतं. कण एकसारखे पसरलेले असतील तर याने आघात सहन करण्याची ताकद वाढते. पण यील्डची ताकद (ज्या ताणावर माल कायमचा वाकायला लागतो तो) कमी होते, आणि ती होणारच. मॉड्युलस (कडकपणा) मात्र फारसा हलत नाही, कारण तो अगदी लहान ताणावर मोजला जातो आणि तेव्हा कण सुटलेलेच नसतात.

मोठा कण लहान कणापेक्षा कमी ताणावर सुटतो. गाठीची तर बातच वेगळी. ३० मायक्रॉनची गाठ आतूनच दुभंगते आणि तडा तिथून निघतो.

आधी राख आणि घनता, दोन्ही एकत्र

फिलर खरोखर ३० टक्के आहे का, हे राखेवरून ठरतं. पण भट्टीचं तापमान चुकलं तर आकडा फसवतो. ३ ते ५ ग्रॅम कंपाउंड (पीपी आणि फिलरचं मिश्रण) आधी बर्नरवर धूर थांबेपर्यंत जाळा आणि मग मफल भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. उरलेली राख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. ९०० अंशाला ठेवलं तर कार्बन डायऑक्साइड पूर्ण निघून फक्त चुना उरतो, मग राखेला १.७८५ ने गुणावं लागतं. म्हणजे ३० टक्क्यांच्या कंपाउंडची राख तिथे १६.८ टक्के दिसेल. ७०० ते ७५० च्या मधल्या पट्ट्यात ठेवू नका. तिथे अर्धवट विघटन होतं आणि दर वेळी वेगळा आकडा मिळतो.

५५० ची थोडी राख पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. शुद्ध कॅल्साइट फसफसून पूर्ण विरघळतो. तळाशी काही राहिलं तर ते सिलिका किंवा टाल्क. सिलिका असेल तर स्क्रू आणि बॅरलची झीज हा पुढचा खर्च समजा.

आता घनता. पीपी ०.९०५ आणि कॅल्साइट २.७१ धरला तर २० टक्क्यांना १.०४, ३० ला १.१३ आणि ४० ला १.२३ यायला हवी. राख ३० टक्के आणि घनता १.१० असेल तर कंपाउंडमध्ये जवळजवळ पावणेतीन टक्के हवा किंवा वाफ अडकली आहे. अशा वेळी कोटिंगची चौकशी बाजूला ठेवा आणि एक्स्ट्रूडरचा व्हेंट (हवा-वाफ जायची वाट) बघा. जाता जाता एक गोष्ट ध्यानात घ्या: वजनाने ३० टक्के फिलर म्हणजे आकारमानाने फक्त साडेबारा टक्के. वजनाच्या आकड्यावरून 'एवढा भरणा आहे म्हणून तुटतं' असं म्हणणं बहुधा घाईचं ठरतं.

ठिपका म्हणजे गाठ की खडा?

कंपाउंडचे पाचसहा दाणे दोन टेफ्लॉन शीटमध्ये ठेवून २०० अंशाच्या प्रेसमध्ये सुमारे १०० मायक्रॉनची फिल्म दाबा आणि उजेडासमोर धरा. ठिपके डोळ्यांना दिसतात, पण ती न फुटलेली गाठ आहे की गिरणीतून आलेला जाड कण, हे फिल्म सांगत नाही. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे ही पायरी टाळू नका.

५५० ची राख पुरेशी करा, निदान १०-१५ ग्रॅम. कोटिंग जळून गेलेलं असल्याने ती आता पाण्यात सहज भिजते. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याची धार सोडून मऊ ब्रशने हलकेच फिरवा. सगळं खाली गेलं तर ठिपके गाठींचे होते. चाळणीवर टणक कण उरले तर ते खडे आहेत. मग दोष क्लासिफायरचा किंवा फाटलेल्या चाळणीचा आहे आणि कोटिंग दुप्पट केलं तरी फरक पडणार नाही. कोटेड पावडर थेट पाण्यात चाळू नका, ती भिजतच नाही आणि निकाल निरर्थक येतो. भिजवायला अल्कोहोल वापरा.

इथे चाचणीबद्दल एक सावधगिरी. आयझॉड या आघात चाचणीच्या खाच पाडलेल्या नमुन्यात तडा खाचेतूनच निघतो, त्यामुळे गाठी असल्या तरी आकडा जवळपास तोच येऊ शकतो. 'आयझॉड तर बरोबर आहे, मग पार्ट का तुटतो' हे कोडं बहुतेक वेळा इथलंच असतं. गाठी पकडायच्या असतील तर बिनखाचेची शार्पी (आणखी एक आघात चाचणी) किंवा वरून वजन टाकण्याची चाचणी लावा.

कोटिंग कमी, जास्त की नुसतं मिसळलेलं

पाण्यावर तरंगण्याची चाचणी सगळे करतात. ती करावी, पण तिच्यावरच थांबू नये. मेजपात्रात १०० मिलिलिटर पाणी आणि २ ग्रॅम पावडर घेऊन जोरात हलवा, १० मिनिटं ठेवा, तळाशी बसलेली पावडर गाळून वाळवा आणि तोला. ९५ टक्क्यांहून जास्त तरंगली तर पृष्ठभाग झाकला गेला आहे. पण जास्तीचं मोकळं स्टिअरिक किती आहे, हे पाणी सांगत नाही.

ते अल्कोहोल सांगतं. ५० ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५० ते ६० अंशांवर अर्धा तास ढवळा. हे पाण्याच्या बाथवर करा, उघड्या ज्योतीवर कधीही नाही. गरम असतानाच गाळा, फिनॉल्फथॅलिनचे थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल अल्कोहोली पोटॅशियम हायड्रॉक्साइडने गुलाबी होईपर्यंत टायट्रेट करा. नुसत्या अल्कोहोलचं ब्लँक वजा करा. १ मिलिलिटर म्हणजे २८.४ मिलिग्रॅम मोकळं स्टिअरिक, तेव्हा ५० ग्रॅमला १.७५ मिलिलिटर लागलं तर ०.१ टक्का. कणावर कॅल्शियम स्टिअरेट होऊन बसलेला भाग अल्कोहोलमध्ये उतरत नाही, म्हणून इथे दिसतो तो फक्त मोकळा. बाजारातल्या स्टिअरिकमध्ये पामिटिक आम्लही बरंच असतं, त्याने आकड्यात चारपाच टक्क्यांचा फरक पडतो. निर्णयाला त्याने बाधा येत नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. बरंचसं बुडतं आणि मोकळं स्टिअरिक नगण्य आहे, तर कोटिंग खरंच कमी आहे. सगळं तरंगतं आणि मोकळं ०.२ टक्क्याच्या वर आहे, तर कोटिंग जास्त झालं. हा मोकळा भाग मोल्डवर थर देतो, डायच्या (माल बाहेर पडतो त्या तोंडाच्या) ओठावर कचरा साचवतो, व्हेंटमधून धूर काढतो, वेल्ड लाइन कमजोर करतो आणि प्रिंटिंगची शाई धरू देत नाही. एक्स्ट्रूडरमध्ये माल घसरून आउटपुट वरखाली होतं ते वेगळंच.

तिसरी शक्यता आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: बुडतंही बरंच आणि मोकळंही बरंच. म्हणजे स्टिअरिक आहे, पण ते एका ठिकाणी गोळा झालं आणि दुसरीकडे कण उघडे राहिले. मिक्सिंग फसलेलं असतं. अशा पुरवठादाराला 'कोटिंग वाढवा' सांगितलं की गाठीही राहतात आणि मोल्डवरचा थरही वाढतो.

मिक्सिंग कुठे फसतं

हाय स्पीड मिक्सरमध्ये स्वतः कोटिंग करणाऱ्यांसाठी, आणि पुरवठादाराला प्रश्न विचारणाऱ्यांसाठीही, क्रम असा:

१. पावडर एकटीच फिरवून घर्षणाने १०० ते ११० अंशांवर आणा. झाकणाची वाफ जायची वाट उघडी ठेवा. ओल ०.२ टक्क्याच्या खाली यायला हवी.
२. मगच स्टिअरिकचे फ्लेक दोन-तीन हप्त्यांत टाका. १०० किलो पावडर आणि पृष्ठफळ ४ असेल तर ९०० ते ९५० ग्रॅम.
३. पुढे ८ ते १० मिनिटं १०० अंशांच्या वर चालवा. आम्ल कणाच्या पृष्ठभागाशी अभिक्रिया करतं तेव्हा थोडं पाणी निघतं, म्हणून वाट आताही उघडीच हवी.
४. कूलर मिक्सरमध्ये ५० अंशांच्या खाली आणल्याशिवाय गोणी भरू नका.

थंड पावडरवर सुरुवातीलाच स्टिअरिक टाकणं ही नेहमीची चूक. ते ६० ते ७० अंशांदरम्यान वितळतं, तेव्हा पावडर अजून दमट असते आणि वितळलेल्या थेंबाभोवती तिचे गोळे बनतात. हे गोळे पुढे एक्स्ट्रूडरमध्येही सहज सुटत नाहीत. गरम गोणी भरली तर आतला माल दगडासारखा बसतो. आणखी एक पळवाट म्हणजे स्टिअरिकऐवजी तयार झिंक किंवा कॅल्शियम स्टिअरेट मिसळणं. त्याने माल घसरतो छान, पण ते कणाला तसं बांधलं जात नाही. ते वंगण आहे, कोटिंग नव्हे.

कोटिंग ठीक असूनही गाठी येत असतील

मग गाठी तुमच्याच एक्स्ट्रूडरमध्ये बनत आहेत. पीपीचे दाणे आणि बारीक पावडर एकाच घशातून टाकली की दाणे वितळण्याआधी पावडर दाणा आणि बॅरल यांच्यामध्ये दाबली जाते आणि तिच्या कडक पापड्या होतात. पुढचे नीडिंग ब्लॉक (स्क्रूवरचे माल मळणारे भाग) त्या सगळ्या फोडू शकत नाहीत. ट्विन स्क्रूवर, एल बाय डी (स्क्रूची लांबी भागिले व्यास) ४० च्या आसपास असेल तर, पीपी आधी पूर्ण वितळू द्या आणि फिलर साइड फीडरने वितळलेल्या मालात सोडा. साइड फीडरच्या थोडं मागे उघडा व्हेंट ठेवा, कारण पावडरबरोबर आलेली हवा उलट दिशेने बाहेर पडायला बघते. तिला वाट नसेल तर ती फीडरमधूनच वर येते आणि फीड तुटक होतो. साइड फीडर नसेल तर दाण्यांऐवजी पीपी पावडर घ्या, फरक लगेच दिसतो. व्हॅक्यूम शेवटच्या नीडिंगनंतर, पाऱ्याचे ६०० मिलिमीटर किंवा त्याहून चांगला.

मास्टरबॅच (फिलर ठासून भरलेले तयार दाणे) वापरणाऱ्यांनी कॅरियरचा, म्हणजे त्यातल्या प्लास्टिकचा, एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतं तो आकडा) बघावा. ७० ते ८० टक्के भरलेला मास्टरबॅच तसाही घट्ट असतो, आणि त्यात कॅरियर मूळ पीपीपेक्षा घट्ट असेल तर इंजेक्शन मशीनच्या छोट्या स्क्रूवर तो उघडतच नाही. राफियाच्या (विणलेल्या गोण्यांच्या) टेपमध्ये याचा अर्थ दर थोड्या वेळाने टेप तुटणं. कॅरियर मूळ पीपीपेक्षा बराच पातळ घ्या.

ओलीचं म्हणाल तर कोकणपट्टी, वसई, मुंबई इथल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली गोणी हेच कारण पुरतं. १०५ अंशाला दोन तास ठेवून वजनातली घट बघा. पूर्ण कोटेड पावडर फारशी ओल धरत नाही. एकाच गोदामातल्या दोन लॉटपैकी एकानेच ओल ओढली असेल तर त्याचं कोटिंग ठिगळासारखं आहे, हे त्यातूनच कळतं. पार्टवर चंदेरी रेघा दिसल्या तर कंपाउंड ८० अंशांवर दोन-तीन तास वाळवून एकदा खात्री करून घ्या.

ताकदच हवी असेल तर

गाठी नाहीत, मोकळं स्टिअरिक नाही, तरी टेन्साइल (ओढ सहन करण्याची ताकद) कमी पडतंय, तर रचना बरोबर आहे आणि निवड चुकली आहे. स्टिअरेट पकड सैल करतं, हे वर आलंच. पकड हवी असेल तर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पीपी कंपाउंडच्या १ ते ३ टक्के घाला, पण कोटिंग नसलेल्या फिलरबरोबर. कोटेड पावडरबरोबर ते महाग पडतं आणि काम कमी करतं, कारण ज्या पृष्ठभागाला ते बांधलं जाणार तो स्टिअरेटने आधीच व्यापलेला असतो. आणि पकड वाढली की आघात सहन करण्याची ताकद थोडी उतरते. दोन्ही टोकं एकाच ग्रेडमध्ये मागू नयेत.

सिलेन (फिलर आणि प्लास्टिक जोडणारं रसायन) वापरण्याचा सल्लाही कॅल्शियमच्या बाबतीत बहुतेक वाया जातो. सिलेनला पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट लागतात. ते काच, सिलिका, वोलास्टोनाइट, केओलिन, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड यांवर असतात, कॅल्साइटवर नाममात्र. टाल्कवर ते पापुद्र्यांच्या फक्त कडांना असतात, सपाट बाजू निष्क्रिय. म्हणून अमिनो सिलेन लावलेलं वोलास्टोनाइट नायलॉनमध्ये झकास चालतं, आणि तेच सिलेन कॅल्साइटवर लावून पीपीत फरक दिसत नाही.

टाल्क काढून त्याजागी तितकंच कोटेड कॅल्शियम टाकणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो. टाल्क पीपीच्या स्फटिकांना जोरदार सुरुवात करून देतं. डीएससीवर (तापवताना-थंड करताना उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला १० अंशांनी थंड केलं तर साधं पीपी ११० ते ११५ अंशांना स्फटिक धरतं, टाल्क असलेलं १२० च्या वर. कॅल्साइटमध्ये हा गुण मुळात कमी, स्टिअरेट तो आणखी झाकतं. परिणामी पार्ट मोल्डमध्ये उशिरा घट्ट होतो, सायकल लांबते, श्रिंकेज (आकसणं) वाढतं. मोल्डर म्हणतो 'माल मऊ आला'. माल मऊ नाही, उशिरा गोठतोय. न्यूक्लिएटिंग एजंट (स्फटिकांना सुरुवात करून देणारं द्रव्य) घाला किंवा टाल्क परत आणा. याउलट पिमेलिक आम्लाने पृष्ठभाग प्रक्रिया केलेलं कॅल्शियम पीपीला बीटा रूपात गोठवतं. हे रूप १५० अंशांच्या आसपास वितळतं, नेहमीचं अल्फा १६५ च्या, आणि बीटा जास्त चिवट असतं. हा महागातला मार्ग आहे, पण पृष्ठभागावरचा एक थर आतले स्फटिक कसे बदलतो, हे यात सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

खरेदी ऑर्डरवर काय लिहायचं

'१ टक्का कोटेड' लिहिणं बंद करा. त्याऐवजी बीईटी पृष्ठफळ आणि त्याची मर्यादा (उदाहरणार्थ ४ अधिक-उणे ०.४), डी ९८ (९८ टक्के कण ज्याहून बारीक असतात तो आकार), ४५ मायक्रॉनवरचा अवशेष, ओल ०.२ टक्क्याच्या आत, तरंगणं ९५ टक्क्यांच्या वर आणि मोकळं स्टिअरिक ०.१ टक्क्याच्या आत असं लिहा. कोटिंगची टक्केवारी पुरवठादाराने दर लॉटच्या पृष्ठफळावरून काढावी आणि सर्टिफिकेटवर नोंदवावी. प्रत्येक लॉटचा अर्धा किलो नमुना हवाबंद डब्यात, तारीख घालून, त्या लॉटचे पार्ट बाजारात आहेत तोवर जपा. त्याच डब्यात कोटिंगआधीच्या पावडरचा १०० ग्रॅमचा पुडाही मागून ठेवा. वाद झाला तर पृष्ठफळ त्या पुड्यावर मोजता येतं, कारण कोटेड पावडरवर मोजलेलं पृष्ठफळ नेहमी थोडं कमी येतं.